उकळलेलं दही

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कामावरून घरी येतात ते दोन्ही हात वर धरून. कोपरापासून बोटांपर्यंत हवेत. दार दुसऱ्या कुणीतरी उघडायचं, नळ दुसऱ्या कुणीतरी सोडायचा, मग त्या हात धुणार आणि मगच आमच्याकडे बघणार. "ताई, घरात शिरतेयस की शरण येतेयस?" असं माझा नवरा रोज विचारतो आणि रोज एकटाच हसतो.

हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायचा विभाग आहे, तिथे वन्संचं आयुष्य गेलं. विभागाचे दोन भाग. मळक्या बाजूला रक्तानं भरलेली कात्री-चिमटे येतात आणि धुतले जातात. मग ते एका खिडकीतून स्वच्छ बाजूला जातात. तिथे वन्सं. एकेक चिमटा भिंगाखाली उघडून-मिटून बघायचा, कापडात गुंडाळायचा, वर परत दुसऱ्या कापडात गुंडाळायचा, चिकटपट्टी लावायची आणि वाफेच्या मशीनमध्ये सरकवायचा. पट्टीवरच्या फिकट रेघा वाफ लागली की काळ्या होतात. रेघ काळी झाली नाही तर पॅक परत. मग समोर सर्जन उभा असो की त्याचा बाप.

सगळं हॉस्पिटल त्यांना 'उकळी' म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि त्यांना ते आवडतं. कारण घरीही तेच. चमचे उकळायचे, कंगवे उकळायचे, किल्ल्या उकळायच्या. एकदा टीव्हीचा रिमोट हातात घेऊन त्या गॅसकडे निघाल्या होत्या, तो आम्ही हिसकावून घेतला. फळांवर उकळतं पाणी ओतल्याशिवाय आमच्याकडे फळ ताटात येत नाही. केळं तेवढं सुटलं, त्याला साल असते म्हणून. पाणी कायम कढत. उन्हाळ्यात पाहुण्यानं गार पाणी मागितलं की वन्सं त्याच्याकडे अशा बघतात की तो माणूस तहान विसरून निघून जातो.

पण एक सांगते. वर ऑपरेशन थिएटरमध्ये पॅक उघडण्याआधी काही सर्जन विचारतात, "हा उकळीचा ना?" हे मी स्वतः ऐकलंय. मी त्याच हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आहे, युनियनचंही बघते, त्यामुळे कोण कुणाबद्दल काय बोलतं ते माझ्या कानावर येतंच. मोठ्या लोकांनी तळघरातल्या बाईचं नाव घेऊन विचारावं, हे त्या इमारतीत दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं मी पाहिलेलं नाही.

अशा बाईची दाढ सुजली.

दाताच्या डॉक्टरनं जंतू मारायच्या जोरदार गोळ्या दिल्या. वन्संनी त्या मोठ्या प्रेमानं खाल्ल्या, कारण जंतू मारणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा जीव. दाढ बसली आणि पोट उठलं. जुलाब सुरू झाले ते थांबेचनात. गोळ्या संपल्या, दाढ विसरली, तरी वन्सं आपल्या संडासात. चेहरा उतरला, साडी कमरेला ढिली व्हायला लागली.

आता त्या विभागाचा एक नियम आहे. पोट बिघडलेल्या माणसानं स्वच्छ बाजूला पाय ठेवायचा नाही. आरोग्य कक्षाचा डॉक्टर 'ठीक आहे' म्हणेपर्यंत बाहेर. हा नियम पाळायला लावण्यात वन्संचा हात कुणी धरला नसता. नुसतं पोट धरून कुणी वाकलं तरी त्या म्हणायच्या, "बाहेर हो. आधी बाहेर हो, मग कण्ह." त्यामुळे स्वतःवर पाळी आल्यावर त्यांनी लपवलं नाही. सरळ इन्चार्ज सिस्टरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "सिस्टर, मला बाहेर काढा."

सिस्टरनं काढलं, आणि कुठे पाठवलं? लॉन्ड्रीत, फाटके गाऊन वेगळे करायला. आजारी माणसाला घरी झोपू द्यावं हे वरच्यांच्या डोक्यात शिरत नाही. त्यावर मी बरीच आरडाओरड केली, तो विषय वेगळा. मुद्दा हा की घरी नणंद होतीच, आता कामावरही नणंद आली. आमच्या पोरी चादरींच्या घड्या घालायच्या आणि मागून आवाज यायचा, "ही घडी आहे की बोळा? कुणी शिकवलं हे?" सगळ्या माझ्याकडे बघायच्या.

गाऊन फाटका आहे की नाही हे बघायला वन्सं तो उजेडाकडे धरायच्या आणि तशाच धरून राहायच्या. मी विचारलं, काय बघताय? तर म्हणाल्या, "नवीन मशीन येतंय."

तेव्हा मला कळलं खरं दुखणं काय ते. जुनं मशीन काढून टाकणार होते. नवीन येणार, कंपनीचा माणूस येऊन शिकवणार, आणि त्या वेळी जे स्वच्छ बाजूला असतील त्यांनाच शिकवणार. जे शिकतील तेच पुढे चालवतील. वन्संच्या नोकरीची आता थोडीच वर्षं उरलीत. तेवढ्यात पोट नाही सुधारलं तर ती वर्षं फाटक्या गाऊनांत जाणार. इतकी साधी गोष्ट. जुलाबांबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत, पण मशीनचं नाव काढलं की तोंड फिरवायच्या.

पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे मी त्यांना घेऊन गेले. तपासण्या झाल्या. कुठला वाईट जंतू सापडला नाही.

"म्हणजे जंतू नाहीत?" वन्सं खूश.

"जंतू आहेत हो, पण कमी झालेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या दाढेच्या गोळ्यांनी वाईट मारताना चांगलेही मारले."

"चांगले काय?"

"जंतू."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"तुमच्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात, मावशी. सगळ्यांच्याच."

"माझ्या नाही," वन्सं म्हणाल्या. "मी उकळलेलं पिते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, याचे त्यांना मी गुण दिले. त्यांनी शांतपणे समजावलं. हे जंतू जन्मापासून आपल्याबरोबर असतात. खाल्लेलं पचवायला मदत करतात, शरीराच्या पहारेकऱ्यांना कुणाला अडवायचं नि कुणाला सोडायचं ते शिकवतात. आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात. बसमध्ये सगळ्या सीटवर आपली माणसं बसली असली की गुंड चढला तरी त्याला बसायला मिळत नाही. गोळ्यांनी सगळी बस रिकामी केली. आता ती परत भरायची. त्यासाठी या पावडरच्या पुड्या. यात जिवंत चांगले जंतू आहेत. शिवाय दही खा.

"जिवंत," वन्सं म्हणाल्या.

"जिवंत."

"आणि ते चांगले आहेत हे कुणी बघितलं? आमच्या मशीनला नाही कळत चांगला कोण आणि वाईट कोण. सगळ्यांना एकच वाफ."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "पुडी घेतली तर नक्की बरं वाटेल?"

"नक्की असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा गोळ्यांनंतरच्या जुलाबांत काही जातींचे जंतू काही लोकांना उपयोगी पडतात, असं दिसलंय. सगळ्यांना नाही. बरीच पोटं काही न घेताही सावरतात, वेळ लागतो इतकंच."

"मग देता कशाला?"

"कारण यांना नुकसान व्हायची भीती कमी आहे आणि यांना घाई आहे. आयसीयूतल्या अगदी खचलेल्या पेशंटला मी असं सहज देणार नाही. आणि त्या पुडीनं केस वाढतात, झोप लागते, मन प्रसन्न होतं, असं काही तुम्हाला कुणी सांगितलं, तर ते माझ्याकडून ऐकलं असं सांगू नका."

मी चरफडत बाहेर आले. डॉक्टर एक तर चोर असावा नाहीतर देव, दोघांवरही भाषण करता येतं. हा मधला डॉक्टर भेटला की माणसानं करायचं काय?

घरी वेगळाच गोंधळ. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट बंद पडली की त्याला कळतं, बाकी कशातलं काही कळत नाही, पण मत सगळ्यावर असतं. तो दुकानातून छोट्या छोट्या बाटल्या घेऊन आला. गुलाबी, पिवळ्या, एक निळी. निळीवर लिहिलं होतं, 'पोट, त्वचा, स्मरणशक्ती आणि आत्मविश्वास.'

"आत्मविश्वास कशाला?" मी म्हटलं. "तुझ्या बहिणीला आहे तो पुरे नाही का? आपल्याला पुरून उरतोय."

"अगं, सगळं पोटातून सुरू होतं. मेंदूसुद्धा."

"तुझा तिथेच थांबला."

"भांडू नका," वन्सं आतून ओरडल्या. "मला आधीच काही कळेना झालंय."

खरंच कळेना झालं होतं. एवढी ठाम बाई, पण त्या दिवसांत रस्ता चुकल्यासारखी घरात फिरायची. पुडीवरची बारीक अक्षरं त्या भिंगातून वाचायच्या, चिमट्याला खाच पडलीय का ते बघतात तशा. केमिस्टकडे त्या पुड्या संपल्या होत्या म्हणून त्यानं मध्येच दुसऱ्या कंपनीच्या दिल्या. "एकच आहे मावशी, नाव वेगळं." वन्संनी दोन्ही पुड्या शेजारी ठेवून वाचल्या, तर नाव वेगळं, जंतू वेगळा, आकडा वेगळा. मग एकच काय आहे? केमिस्टला विचारलं तर म्हणाला, "परिणाम." मी म्हटलं, "तू स्वतः पुडी घेतलीस का कधी?" तर गिऱ्हाईक आलं म्हणून तो वळला.

दह्याचं प्रकरण त्याहून वरचं. बाजारचं दही वन्संना चालणार नव्हतं. मग घरी लावायचं. दूध उकळलं, भांडं उकळलं, चमचा उकळला. विरजण शेजारणीकडून आणलं. सकाळी दही छान लागलं होतं, सुरी घातली तर कापलं जाईल असं. वन्संनी वाटी पुढ्यात ओढली आणि थांबल्या.

"यात शेजारणीच्या घरचे जंतू आहेत."

"तेच तर खायचेत," मी म्हटलं.

"तिच्या स्वयंपाकघरातलं फडकं बघितलंयस का तू?"

बघितलं होतं. मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर घरभर आंबूस वास. गॅसवर पातेलं, पातेल्यात दही, दह्याला उकळी. खाली पिवळं पाणी, वर रबरासारखे गोळे. वन्सं ते ढवळत होत्या.

"ताई," माझा नवरा दारातून म्हणाला, "डॉक्टरनी सांगितलेले पाहुणे तू जिवंत जाळलेस गं."

"आता ते स्वच्छ आहेत," वन्सं म्हणाल्या आणि प्यायल्या. तोंड वाकडं केलं, पण प्यायल्या.

काही दिवसांनी पोट थांबलं. कसं, कधी, मला विचारू नका, कारण त्यानंतर जो तो आपापला झेंडा घेऊन आला. नवरा म्हणाला निळी बाटली. केमिस्ट म्हणाला, बघा, बदलून दिलेल्या पुडीनं गुण आला. शेजारीण म्हणाली माझं विरजण. मी म्हटलं की पोट आपलं आपण बरं झालं, त्याला कुणी विचारलं नव्हतं, ते बिचारं आपलं काम करत होतं. वन्सं सगळ्यांचं ऐकायच्या आणि मान डोलवायच्या. प्रत्येकाला वाटायचं आपलंच पटलं.

आरोग्य कक्षातल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, जा आत. नवीन मशीन तळघरात उतरलं होतं, कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता. म्हणजे सगळं वेळेवर जुळून आलं होतं. इथेच ही गोष्ट संपायला हवी होती.

पण त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात एक गोष्ट पाहिली. वन्संनी पुडी फोडली, पेल्यात टाकली आणि वरून किटलीतलं पाणी ओतलं. पेल्यातून वाफ निघत होती.

"वन्सं, हे पाणी किती गरम आहे?"

"आत्ता उतरवलं."

"रोज असंच घेता?"

"मग काय नळाचं घेऊ?"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कॅन्टीनच्या भिंतीवर त्या बाटल्यांची मोठमोठी चित्रं लावली होती, 'सर्वांगीण आरोग्य' म्हणून, आणि आमच्या माणसांना साधी आजारपणाची रजा मिळत नव्हती. त्यावर मला गेटवर युनियनच्या सभेत बोलायचं होतं. पुड्यांनी माझीच नणंद बरी झाली असं सगळे म्हणत असल्यामुळे माझी बोलती बंद झाली होती. आता हातात कोलीत मिळालं. जंतू सगळे उकळून मेलेले आणि बाई बरी! म्हणजे पुडीचा काही संबंध नाही. मी वन्संना तसंच उचललं आणि डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

"बोला आता," मी म्हटलं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "पुडी कुठली होती?"

"पहिल्यांदा ही, मग ही." मी दोन्ही पुड्या टेबलावर ठेवल्या.

"पहिल्या पुडीतले जंतू नाजूक. ते उकळत्या पाण्यात मेले असणार. दुसरीतले बीजाणू रूपातले आहेत, कवचात झोपलेले. ते उकळत्या पाण्यातूनही बरेचसे जगू शकतात."

"म्हणजे जिवंत होते?"

"काही असतील. काही नसतील. आणि मेलेल्या जंतूंचाही काही उपयोग होतो का, यावर लोक अजून शोध घेतायत."

"म्हणजे पुडीनं बरं वाटलं की नाही वाटलं?"

"मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला भांडायला जागाच उरली नाही.

वन्सं मात्र गोऱ्यामोऱ्या झाल्या होत्या. "बीजाणू," त्या म्हणाल्या.

मला ते नंतर उमगलं. त्यांच्या मशीनची परीक्षा बीजाणूंवरच होते. रोज एका छोट्या कुपीत मुद्दाम जिवंत बीजाणू घालून ती लोडच्या, म्हणजे एका वेळी मशीनमध्ये घातलेल्या सगळ्या पॅकच्या, मधोमध ठेवतात. मशीननं ते मारले तर कुपीतलं पाणी जांभळं राहतं. एक जरी जगला तरी पाणी पिवळं होतं आणि मग सगळा लोड परत. साध्या उकळीनं बीजाणू मरत नाहीत, म्हणूनच तर ते मशीन लागतं. हे वन्संनी किती नव्या पोरींना शिकवलं असेल! आणि स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या की त्यांना हे आठवू नये? किटली उचलली की त्यांचं सगळं ज्ञान बाजूला आणि सवय पुढे.

दुसऱ्या दिवशी त्या मला लॉन्ड्रीत दिसल्या. फाटके गाऊन उजेडाला धरून.

"तुम्हाला आत जायला सांगितलंय ना?"

"नाही जाणार."

"का?"

"माझ्या पोटात जिवंत बीजाणू आहेत. चुकून हातावर आले, हातावरून पॅकवर गेले, तर?"

"अहो, डॉक्टरनी सोडलंय तुम्हाला! सोमवारी कंपनीचा माणूस येतोय! एवढे दिवस कशासाठी झुरत होता मग?"

"ओरडू नकोस. त्या डॉक्टरला जुलाब माहीत होते. आत काय गेलंय ते त्याला माहीत नाही. मला माहीत आहे." आणि मग हलक्या आवाजात, "नवीन मशीन मला हवंच आहे गं. पण असं नको."

माझं टाळकं फिरलं. मी दुसऱ्यांच्या हक्कांसाठी साहेबांच्या टेबलावर हात आपटते, आणि ही बाई स्वतःचा हक्क स्वतःच्या हातानं फेकून देत होती, तेही पोटातल्या एका न दिसणाऱ्या कणासाठी. मी त्यांच्या हातातला गाऊन हिसकावून घेतला आणि म्हटलं, चला, सिस्टरपुढे सांगा हे.

इन्चार्ज सिस्टर म्हणजे कोरडी बाई. फार बोलत नाही, बोलली तर वाक्य अर्धं. तिनं वन्संचं पुराण उभ्याउभ्या ऐकलं. मी मध्ये बोलायला गेले तर मला बोट दाखवून गप्प केलं, हे मी विसरलेली नाही.

"मावशी," ती म्हणाली, "पुडी घेण्याआधी तुमच्या पोटात काय होतं?"

"काही नव्हतं."

"अब्जावधी जंतू होते. माझ्याही आहेत. हिच्याही." माझ्याकडे हात. "जंतू नसलेला माणूसच मला स्वच्छ बाजूला हवा असेल, तर मढं आणून उभं करावं लागेल. आणि तेही चालणार नाही, कारण त्याच्यात आणखी जास्त."

"पण मी हात धुते. घासून धुते."

"धुता. तुमच्यासारखे कुणी धूत नाही. तरी हातावर थोडे राहतातच. सगळ्यांच्या राहतात."

"मग इतकी वर्षं..."

"मावशी, पॅक मशीनमध्ये घालायच्या आधी गुंडाळतो की नंतर?"

"आधी."

"किती कापडांत?"

"दोन."

"का?"

का, ते वन्संना माहीत होतं. नव्या पोरींना त्या हेच सांगायच्या. हात स्वच्छ असला तरी भरवसा नाही. आधी गुंडाळायचं, मग वाफ, म्हणजे हातचं जे काही लागलं असेल ते आतच मरतं. मग पॅक बाहेर आला की वरच्या कापडाला हात लागला तरी आतलं कापड शाबूत.

"ते..." वन्सं म्हणाल्या, "ते मला वाटलं दुसऱ्यांसाठी आहे. धांदरटांसाठी."

"सगळ्यांसाठी आहे."

"माझ्यासाठी पण?"

"तुमच्यासाठी पण."

मी वन्संच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना धीर आला असेल असं मला वाटलं होतं. पण त्या दुखावल्या होत्या. घरच्या माणसानं कपाटाला पहिल्यापासून दोन कुलपं लावून ठेवली आहेत आणि त्यातलं एक आपल्यासाठी आहे, असं कळल्यावर माणूस जसा होतो, तशा. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो सवयीनं वर उचलून घेतला.

"सोमवारी या," सिस्टर म्हणाली. "नाहीतर त्या मशीनवर कोण जाणार ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. पट्टीवरच्या रेघांकडे न बघताच "झालंय, झालंय" म्हणून पॅक पुढे ढकलणारी एक बाई आहे तिथे. तिचं नाव निघालं की वन्संच्या कपाळाची शीर उडते. आताही उडली.

सोमवारी त्या गेल्या. दारापाशी हात धुताना आरशात स्वतःकडे बराच वेळ बघत होत्या, असं मळक्या बाजूच्या पोरींनी मला सांगितलं. पोरींना वाटलं केस बघतायत. मग टोपी घातली आणि आत गेल्या. कंपनीचा माणूस बटणं दाखवत होता, वन्सं प्रश्न विचारत होत्या. त्यांच्या प्रश्नांनी तो दुपारपर्यंत घामाघूम झाला. पहिला लोड त्यांनीच लावला. सगळे पॅक दोन कापडांत. एक पॅक त्यांनी उघडून परत गुंडाळला, कारण आतल्या कापडाची घडी त्यांना पसंत नव्हती. काम आधीसारखंच चाललं होतं. पण एका पोरीनं विचारलं, "उकळीमावशी, आतलं कापड जरा सैल राहिलं तर चालतं का हो, वरचं आहे ना?" तर त्या नेहमीसारख्या ओरडल्या नाहीत. म्हणे, "चालत नाही. वरचं माझ्यासाठी आहे." पोरीला काही कळलं नाही. तिनं येऊन मला विचारलं, मावशी रागावल्या का? मलाही सांगता येईना.

गेटवरचं माझं भाषण राहिलं ते राहिलंच. पुड्या खोट्या आहेत म्हणावं तर तसं म्हणता येत नाही, खऱ्या म्हणावं तर जीभ वळत नाही. रजेवर बोलले, ते तेवढं पक्कं होतं. टाळ्या पडल्या. बाटल्यांची चित्रं कॅन्टीनमध्ये अजून आहेत. परवा एक साफसफाईवाली मला विचारत होती, "ताई, ते घेऊ का हो? आत्मविश्वास येतो म्हणे." मी म्हटलं, बाई, मला जुलाबाचंसुद्धा कळलेलं नाही, आत्मविश्वासाचं काय सांगू?

सोमवारी संध्याकाळी वन्सं हात वर धरून घरी आल्या. नवऱ्यानं आपला रोजचा विनोद केला. त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, "शरण." त्याचं हसू तोंडातच राहिलं.

हात धुऊन त्या फ्रिजपाशी गेल्या. सकाळी मी शेजारणीच्या विरजणाचंच दही लावून ठेवलं होतं. वाटी काढली, टेबलावर ठेवली, समोर बसल्या. गॅसकडे एकदा बघितलं. माझ्यासारखी बाई न बोलता बसली, यावरून काय ते समजा.

"यातले किती जिवंत असतील?" त्यांनी विचारलं.

"भरपूर," नवरा म्हणाला.

"आणि चांगले किती?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनाही छातीठोक सांगता आलं नसतं.

वन्सं उठल्या. मला वाटलं, गेलं, आता पातेलं चढतंय. त्यांनी छोटं पातेलं चढवलंही. त्यात पाणी घातलं, पाण्यात चमचा टाकला, उकळी येईपर्यंत उभ्या राहिल्या, मग चिमट्यानं चमचा बाहेर काढून झटकला. आणि त्या कढत चमच्यानं गार दही खाल्लं. डोळे घट्ट मिटून, दाढ काढून घेतात तेव्हा माणूस बसतो तशा बसून.

"कसं आहे?" मी विचारलं.

"गार आहे," त्या म्हणाल्या. दुसरा चमचा घेतला. "कळत नाही गं. पण गार आहे."